आर्णीच्या फाट्यावरून सुरू होणारे पंचेचाळीस लाख किलोमीटर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीला महामार्गाच्या कडेला सायकल धरून दोन मिनिटं उभं राहून पाहावं. तुळजापूरहून लातूर, नांदेड, उमरखेड करत आलेला आणि यवतमाळ, वर्ध्यावरून बुटीबोरीला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ३६१. कापसाच्या गाठींचे ट्रक, टँकर, ट्रॅव्हल्स, कंटेनर. मोठी गाडी शेजारून गेली की हवेचा लोट आधी बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढतो. हँडल घट्ट धरलं नसेल तर सायकल हातभर हलते. मग एखाद्या फाट्याला डांबराची अरुंद पट्टी दिसते. तिच्यावर वळायचं. पहिलं शिवार ओलांडेपर्यंत मागचा आवाज येत राहतो, दुसऱ्या शिवारात तो नसतो. उरते चेनची सरसर, आणि पायडल थांबवलं की फ्रीव्हीलची टिकटिक. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, मधेमधे तुरीची तासं, आणि त्यापलीकडे सागाचं जंगल.

गाड्या नसलेला, डोंगर-जंगलातून जाणारा लांबच लांब रस्ता हवा म्हटलं की आपण परदेशातले सायकलमार्ग बघत बसतो. तो रस्ता आपल्या फाट्यापासून सुरू होतो, आणि तो किती लांब आहे याचा हिशेब मांडायला घेतला की बोटं पुरत नाहीत.

भारतातल्या सगळ्या रस्त्यांची लांबी सुमारे ६३ लाख किलोमीटर आहे. अमेरिकेच्या खालोखाल जगात दुसरा नंबर. त्यात राष्ट्रीय महामार्ग जेमतेम दोन-सव्वादोन टक्के. ग्रामीण रस्ते मात्र ४५ लाख किलोमीटर, म्हणजे दर दहा किलोमीटरमागे सात. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर. आपल्या गावरस्त्यांची एकच लांब दोरी केली तर तिचे पृथ्वीभोवती ११२ वेढे होतील. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन जवळपास सहा फेऱ्या होतील. आता हेच सायकलच्या मापाने मोजू. रोज ५० किलोमीटर, एकही दिवस सुट्टी नाही, एकदा गेलेल्या रस्त्यावर पुन्हा जायचं नाही. ४५ लाख किलोमीटरना ९०,००० दिवस लागतील. २४६ वर्षं. आज शेवटच्या गावात पोचायचं असतं तर सवाई माधवरावांच्या काळात सायकलवर टांग टाकायला हवी होती, आणि सायकलच तेव्हा नव्हती; जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसने बिनपायडलची दुचाकी चालवून दाखवली ती १८१७ साली, त्यानंतर चाळीसेक वर्षांनी.

लांबीपेक्षाही मला गर्दीचं गणित जास्त चकित करतं. देशातली सुमारे ४० टक्के वाहतूक त्या दोन-सव्वादोन टक्के महामार्गांवर एकवटलेली आहे, असं सरकारच सांगतं. बाकीच्या जवळपास ९८ टक्के रस्त्यांच्या वाट्याला ६० टक्के. भागाकार करून पाहा: महामार्गाच्या एका किलोमीटरवर उरलेल्या रस्त्यांच्या एका किलोमीटरच्या जवळपास तीस पट वाहतूक येते. आणि ‘उरलेल्या’मध्ये पुण्या-मुंबईच्या तुंबलेल्या सडका आणि राज्य महामार्गही धरलेले आहेत. ते वजा केले तर गावरस्त्याच्या वाट्याला काय उरतं, ते आर्णीजवळच्या लोणबेहळ, सावळी सदोबाकडच्या आडरस्त्यांनी सायकल चालवलेल्या माणसाला विचारा. एक फटफटी, दोन बंड्या, शेळ्यांचा कळप, आणि एसटीची वेळ असेल तर एसटी.

याच गणिताची दुसरी बाजू काळजाला लागते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर. दोन टक्के रस्ते आणि छत्तीस टक्के मरण. सायकलवाल्याला अंगावर पत्रा नसतो. त्याच्यासाठी ‘कोणत्या रस्त्याने जायचं’ हा हौसेचा प्रश्न कधीच नव्हता. शाळेत जाणारी पोरगी असो की रोजच्या कामाला निघालेला गडी, दोघांनाही हा हिशेब लागू आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती. म्हणजे अकरा कोटी घरं. तेवढ्या घरांचा हा प्रश्न आहे, चाळीस हजारांच्या गिअरवाल्या सायकली घेणाऱ्या मोजक्यांचा नाही.

आता नकाशात आर्णीवर बोट ठेवा. इथून महामार्ग ३६१ जातो. पूर्वेला सरळ रेषेत साठेक किलोमीटर गेलात की पांढरकवडा येतं, तिथून महामार्ग ४४ जातो. श्रीनगर ते कन्याकुमारी, सुमारे चार हजार किलोमीटरचा, देशातला सगळ्यात लांब. काश्मीरच्या सफरचंदांचे ट्रक त्याच रस्त्याने दक्षिणेला उतरतात. या दोन वाहत्या महामार्गांच्या मधे साठ किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे, आणि त्यात घाटंजी आहे, पारवा आहे, सागाची जंगलं आहेत, अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे विरत जाणारे डोंगर आहेत, आणि पांढरकवड्याच्या बाजूला टिपेश्वरचं १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. दक्षिणेला पैनगंगा, तिच्या पलीकडे माहूरचा गड. इतकी वाहतूक दोन्ही अंगांनी वाहते आणि मधला पट्टा कोरडा राहतो, जसं नदीच्या दोन धारांमधलं बेट.

यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरचा. देशात एका चौरस किलोमीटरमागे सरासरी १.९ किलोमीटर रस्ता आहे. आपला जिल्हा जंगलाचा, टेकड्यांचा. म्हणून सरासरीच्या निम्माच रस्ता आहे असं समजू. तरी १३,००० किलोमीटर होतात. हा अंदाज ढोबळ आहे, पण हात आखडूनच केलेला आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१८ साली मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली; सगळा सायबेरिया आडवा पार करणारं ते अंतर एका यवतमाळ जिल्ह्याच्या रस्त्यांत मावतं आणि वर उरतं. रोज ५० किलोमीटर चालवलीत तर १३,००० किलोमीटरना साडेआठ महिने लागतात.

साडेआठ महिने हा आकडा आला आणि मला वाघ आठवला. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये तो निघाला. पहिल्या पाच महिन्यांत १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तिथेही काही काळ फिरत राहिला, आणि मार्च २०२० पर्यंत, नऊ महिन्यांत, त्याची एकूण चाल ३,००० किलोमीटरच्या वर गेली. महाराष्ट्र आणि तेलंगणचे मिळून सात जिल्हे. उपग्रहाने त्याच्या ५,००० हून अधिक जागा नोंदवल्या. टिपेश्वर ते ज्ञानगंगा सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरसुद्धा नाही. तिथे पोचायला तो पाच पटींहून जास्त चालला, महामार्ग, गावं, वस्त्या टाळत. नाल्याच्या काठाने, पऱ्हाटीच्या आडोशाने, रात्रीच्या रात्री. ‘वॉकर’ म्हणून त्याचं नाव जगभर गेलं. माझ्या दृष्टीने त्याने विदर्भातल्या शांत वाटांचा पहिला नकाशा काढला.

वाघाचं नाव घेतलं म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अभयारण्याच्या आत सायकलचं काम नाही. जंगलाला लागून असलेल्या रस्त्यावरसुद्धा दिवस वर आल्यावर जावं, दिवस कलायच्या आत गावात यावं, आणि गावकरी ‘आज तिकडं नका जाऊ जी’ म्हणाले की सायकल वळवावी. त्यांना रात्रीची डरकाळी ऐकू आलेली असते, आपल्याला नाही.

या रस्त्यांवर एकदा तरी फेब्रुवारीत जावं असं मी म्हणेन. तोवर साग पानं टाकायला लागतो. सागाचं एक पान जेवणाच्या ताटाएवढं. कडेला साचलेल्या पानांवरून चाक गेलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो, आणि शांतता इतकी असते की तो आवाज पुढच्या वळणावर बसलेल्या होल्याला उडवतो. पळसाला कळ्या धरलेल्या असतात. कापसाच्या बंड्या जिथून गेल्या तिथल्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहिलेला असतो, हाताच्या उंचीवर, लांबच लांब. त्या पांढऱ्या पुंजक्यांच्या मागे गेलात तर हमखास गाव लागतं. काटा मात्र टायरलाही सोडत नाही. पंक्चर काढणारा माणूस ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवतो, बुडबुडा दिसला की तिथे बोट ठेवतो, टायरच्या आतून अंगठा फिरवून काट्याचं टोक काढून हातावर ठेवतो आणि सांगतो, ‘बाभूळ नाही भाऊ, बोरीचा हाये.’ आखूड, वाकडा, मिरीच्या दाण्याएवढा. तेवढ्याने नव्वद किलोची गाडी थांबते.

आणि ती गाडी चालते कशावर, याचाही हिशेब करू. शांतपणे सायकल चालवणाऱ्या माणसाला किलोमीटरमागे साधारण २५ किलोकॅलरी लागतात. ज्वारीची एक भाकरी साधारण २०० किलोकॅलरीची. म्हणजे एका भाकरीत आठ किलोमीटर. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८,००० किलोकॅलरी ऊर्जा असते. फटफटी त्यात पन्नास-साठ किलोमीटर जाते. तेवढ्याच ऊर्जेत सायकलवाला ३२० किलोमीटर जातो. माझ्याकडच्या काळ्या उभ्या सायकलचे दात मी मोजलेत: पुढच्या चक्राला ४८, मागच्याला १८, चाकाचा घेर २.२ मीटर. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.९ मीटरच्या जवळपास पुढे जाते. जिल्ह्याचे १३,००० किलोमीटर म्हणजे पायडलचे बावीस लाख फेरे आणि सोळाशेच्या वर भाकरी. माणूस आठ-नऊ महिन्यांत जेवढं पोटात घालतो, त्याहून कमीच.

आता ज्या आकड्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो आकडा: ११३.

यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूरला जाणारी ‘शकुंतला’ रेल्वे ११३ किलोमीटरची. मूर्तिजापूरहून पुढे अचलपूरपर्यंत आणखी ७६-७७. दोन्ही मिळून १९० किलोमीटर. अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचे रूळ. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरला पोचवण्यासाठी ब्रिटिश कंपनीने ही लाइन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकली, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं ती खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन तिच्यावर १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावत होतं. सत्तर वर्षं एकच इंजिन! मग डिझेल आलं, आणि गेल्या दशकात गाडीच थांबली. तिचा वेग तासाला वीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सायकलचाच. खिडकीतून पाहणाऱ्याला शेतातल्या माणसाचा चेहरा ओळखता येई असं तिच्यातून गेलेले लोक सांगतात. आता रुळांमध्ये गवत आहे, कुठे कुठे बोरी-बाभळी वाढल्या आहेत.

रेल्वेची जुनी वाट सायकलला इतकी का मानवते, ते चढावरून कळतं. वाफेच्या इंजिनाला डबे ओढायचे असत, म्हणून रुळाला चढ चालत नसे. वाट बांधणाऱ्यांनी टेकडी कापली, खोलगट भागात भराव टाकला, नाल्यावर पूल बांधला. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंच, मूर्तिजापूर तीनशेच्या आसपास. फरक १४० मीटरचा, तो ११३ किलोमीटरमध्ये पसरलेला. मधे चढउतार आहेत, तरी सरासरी काढली तर किलोमीटरमागे सव्वा मीटर. माणूस आणि सामानासकट सायकल मिळून ९० किलो वजन १४० मीटर वर न्यायला शरीराला खर्च येतो सुमारे १२० किलोकॅलरी. मूर्तिजापूरहून यवतमाळच्या पठारावर चढून यायची किंमत अर्ध्या भाकरीपेक्षा थोडी जास्त! सगळ्या ११३ किलोमीटरना चौदा भाकरी लागतात, त्यातल्या बाकी साऱ्या वाऱ्याशी आणि टायरच्या घासण्याशी झगडण्यात जातात.

न्यूझीलंडमध्ये ओटागो सेंट्रल नावाची अशीच एक रेल्वे १९९० साली बंद झाली. रूळ उचलले, भराव आणि पूल तसेच ठेवले, आणि २००० साली त्यावर १५२ किलोमीटरचा सायकलमार्ग खुला झाला. आज जगभरचे सायकलवाले तिथे जातात आणि वाटेवरच्या छोट्या गावांतल्या खानावळी, मुक्कामाची घरं त्यावर चालतात. स्पेनने १९९३ पासून जुन्या रेल्वेवाटा सायकलसाठी घ्यायला सुरुवात केली. तिथे अशा वाटा तीन हजार किलोमीटरच्या वर झाल्या. अमेरिकेत अशा वाटा ४०,००० किलोमीटरच्या पुढे गेल्या आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियात जाराच्या जंगलातून जाणारा मुंडा बिडी मार्ग हजार किलोमीटरचा. तिथल्या नूंगार आदिवासींच्या भाषेत त्या नावाचा अर्थच ‘जंगलातून जाणारी वाट’. त्या वाटेवर वस्ती इतकी विरळ की सायकलवाल्यांसाठी मुद्दाम निवारे बांधावे लागले.

आपल्याला निवारे बांधायची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यात दोन हजारांहून जास्त गावं आहेत. क्षेत्रफळाला गावांनी भागलं तर सरासरीने अडीच किलोमीटरवर गाव येतं. जंगलपट्ट्यात ते पाच-सहा धरा. प्रत्येक गावात हातपंप, मारुतीचा पार, जिल्हा परिषदेची शाळा. आणि कुणीतरी ‘कोणत्या गावचे जी?’ विचारणारं. पाणी मागितलं तर आधी खाट टाकली जाते. हजार किलोमीटरच्या परदेशी मार्गावर पैसे मोजून जे उभं करावं लागतं ते इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटर, खर्च सुमारे ५५,००० कोटी, म्हणजे एका किलोमीटरला ७८ कोटींच्या आसपास. तोही कारंज्याजवळूनच जातो. त्यावर सायकलला बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे. तो रस्ता सायकलसाठी नाही. पण त्याच तालुक्यातून जाणारी शकुंतलेची वाट गवतात पडून आहे, तिच्या कामाला त्या खर्चाचा किती बारीक भाग लागेल याचा विचार जिल्ह्याने करायला हवा.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूरच्या लोकांना शकुंतला परत हवी आहे. गाडी हवी आहे, ब्रॉडगेज हवं आहे, आणि ही मागणी पहिली. बाजाराला, दवाखान्याला जाणाऱ्या गरीब माणसाची ती गाडी होती. सायकलच्या हौसेपायी त्याच्या डब्यावर हक्क सांगणं मला पटत नाही. गाडी येणार असेल तर रुळाशेजारी, कुंपणाच्या बाहेर, एक सायकलची पट्टी ठेवा. गाडी येणारच नसेल तर तीच वाट सायकलला, पायी चालणाऱ्याला आणि बंडीला द्या. दोन्हींत गरज एकाच गोष्टीची आहे: ११३ किलोमीटरची पट्टी मधे कुठे तुटू न देणं. एका ठिकाणी गोडाऊन उभं राहिलं, दुसऱ्या ठिकाणी प्लॉट पडले, एक पूल भंगारात गेला, की त्या वाटेचे तुकडे होतात, आणि तसे तुकडे पुन्हा जोडले गेल्याचं उदाहरण फार थोडं सापडतं.

बाकीच्या १३,००० किलोमीटरसाठी तर डांबरसुद्धा नको आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली आणि तिच्यातून देशात सात लाखांवर किलोमीटर रस्ते झाले. पावणेचार मीटर रुंदीची ती पट्टी सायकलला राजरस्ता आहे. आर्णी, घाटंजी, पारवा, माहूर अशा वाटांचा एक छापील नकाशा, फाट्यांवर बाण रंगवलेले दगड, पाच-दहा गावांत हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान: जिल्हा परिषदेने आणि ग्रामपंचायतींनी मनावर घेतलं तर एका हिवाळ्यात होण्याजोगं काम आहे हे.

ते होईपर्यंत वाट पाहू नका. दिवाळी झाली, पाऊस पूर्ण ओसरला की टायरला हवा भरा, दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधा, आणि सकाळी सातला आर्णीच्या महामार्गावरून पहिल्या गावरस्त्याला वळा. जाताना बोरीच्या काट्यासाठी एक जास्तीची ट्यूब जवळ असू द्या.